बाईंनी गप्प बसायचं ठरवलं

आमच्या गावातली निम्मी माणसं बाईंच्या हातून जन्मली आहेत. उरलेल्या निम्म्यांना त्याचं वाईट वाटतं, असं बाईंचं म्हणणं.

बाईंबरोबर रस्त्यानं चालणं अवघड असतं. त्या माणसांना नावानं ओळखत नाहीत, जन्मानं ओळखतात. चौकातल्या मिशाळ हवालदाराला त्या भर रहदारीत सांगतात, "तू पायाळू. तेव्हाही सगळ्यांना थांबवून ठेवलं होतंस." बँकेचे मॅनेजर दिसले की थांबतात. "याचं डोकं केवढं मोठं होतं म्हणून सांगू! आईनं किती सोसलं. आत काय होतं ते अजून कळलेलं नाही." मॅनेजर हसतात. दुसरं काय करणार? त्यांना नागडं पाहिलेलं आणि त्याबद्दल चारचौघांत बोलणारं दुसरं माणूस गावात नाही.

माझा जन्म दुसऱ्या गावचा. बाईंनी ते मला बरेच दिवस माफ केलं नव्हतं.

मी साहित्यात एम.ए. केलं आणि घरी बसले. तेव्हा बाईंना दवाखान्याच्या भिंतीवर लावायच्या सूचना नव्यानं लिहून हव्या होत्या. जुन्या पाटीवर होतं, 'गर्भवतीने अतिश्रम वर्ज्य करावेत.' बाया ती पाटी वाचायच्या आणि वर्ज्य म्हणजे काय, ते एकमेकींना विचारायच्या. मी लिहिलं, 'जड उचलू नका. नवऱ्याला उचलायला सांगा.' बाई खूप हसल्या. म्हणाल्या, "एवढं शिकून तुला हे लिहिता येतं म्हणजे कमाल आहे." ही स्तुती होती की टोमणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मी दवाखान्यात जात राहिले. त्या साठीच्या पुढच्या, मी पंचविशीची. आमची मैत्री कशी झाली, ते मला नीट सांगता येणार नाही. मी त्यांच्याकडे पाहून थक्क व्हायचे आणि त्यांना थक्क होणारं माणूस आवडायचं, एवढं खरं.

दवाखाना म्हणजे दोन मजली घर. खाली तपासणीची खोली, लेबर रूम, बाळंतिणींच्या खोल्या आणि एक लांब पॅसेज. पॅसेजमध्ये लाकडी बाक. त्या बाकावर नातेवाइकांनी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, हा बाईंचा नियम. वर बाई स्वतः राहायच्या. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान. दिवसभर तिथून ठोकण्याचा आवाज यायचा. बाई म्हणायच्या, "आत आम्ही जन्माला घालतो, बाहेर तो पंक्चर काढतो. दोघांनाही हवा भरेपर्यंत चैन नाही."

बाई आपल्या कामाबद्दल नेहमी एकच वाक्य बोलायच्या. "मी काय करते? बाळ येतं, मी फक्त झेलते." पण ते अशा सुरात की ऐकणाऱ्याला कळावं, असं झेलणं प्रत्येकाला जमत नाही.

त्यांच्या दवाखान्यात एक पद्धत होती. तिला चुकांचा चहा म्हणायचे. आठवड्यातून एकदा दुपारी सगळ्यांनी लेबर रूमशेजारच्या खोलीत बसायचं आणि त्या आठवड्यात झालेली आपली एक चूक सांगायची. जिची चूक नाही तिला चहा नाही. रागवायचं नाही, हसायचं नाही, फक्त पुढच्या वेळी काय करायचं ते ठरवायचं. बाई म्हणायच्या, प्रत्येक बाळ पहिल्यांदाच जन्माला येत असतं, आपणही पहिल्यांदाच असल्यासारखं उभं राहावं. मला हे फार भारी वाटलं. मी ते घरी जाऊन लिहून ठेवलं.

मग मी पहिल्यांदा त्या चहाला बसले. सिस्टरनं तिची चूक सांगितली. धाकटीनं तिची सांगितली. मग बाईंची पाळी. बाई गंभीर झाल्या. "माझी चूक अशी, की त्या दिवशी पेशंटचा जीव वाचवायच्या नादात मी माझं जेवण विसरले."

सिस्टर बरीच वर्षं तिथे होती. तिनं कप खाली ठेवला. "बाई, ही चूक नाही. ही जाहिरात आहे."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या कपात पाहिलं. आणि चहा पिऊन टाकला.

धाकटी म्हणजे धाकट्या बाई. बाईंकडे शिकायला आली आणि तिथेच राहिली. आता ती पूर्ण डॉक्टर होती, चाळिशीला टेकलेली होती, तरी सगळ्या गावाची धाकटीच. तिला प्रश्न विचारला की ती आधी विचार करायची, मग बोलायची. पेशंटना वाटायचं, हिला येत नाही. बाई वैतागायच्या. "अगं, विचार करायचा असेल तर घरून करून येत जा."

एकदा धाकटी मोठ्या शहरात प्रशिक्षणाला गेली आणि एक नवीन गोष्ट शिकून आली. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडकला, तर बाळंतिणीला उलटं करायचं. हातांवर आणि गुडघ्यांवर. कधी कधी तेवढ्यानंच जागा होते, आणि हात घालायलाही सोपं पडतं. चहाच्या वेळी तिनं चटई अंथरून करून दाखवलं. बाई बिस्किट बुडवत बघत होत्या.

"म्हणजे पोरीला घोडा करायचं."

"हो बाई."

"आणि मी काय करू? चाबूक घेऊन उभी राहू?"

धाकटीनं विचार केला. "नाही बाई. तुम्ही बाजूला उभ्या राहा."

सिस्टरला ठसका लागला. बाई म्हणाल्या, "माझ्या हातून इतके खांदे सुटले. घोडा कधी लागला नाही." विषय तिथे संपला. धाकटी मात्र सिस्टरला घेऊन चटईवर सराव करत राहिली. बाई त्या वेळी मुद्दाम हात धुवायला जायच्या.

मग बाईंच्या लेकीला दिवस गेले.

लेक शाळेत खेळ शिकवते. गळ्यात शिट्टी, पायात बूट, आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. जावई लिफ्ट दुरुस्त करतो. फार शांत माणूस. त्याला जगात दोनच प्रकारच्या अडचणी माहीत आहेत, लिफ्ट अडकणं आणि लिफ्टचं दार न लागणं. बाकी सगळं तो यांपैकी एकात बसवतो.

सातवा महिना लागला तेव्हा लेक माहेरी आली. वरच्या मजल्यावर जेवायला बसलो होतो. बाई म्हणाल्या, "तारखेच्या आसपास मी दुसऱ्या कुणाची केस घेणार नाही."

लेक म्हणाली, "घे की. माझं धाकटी करणार आहे."

बाईंचा घास हातातच राहिला.

"कोण?"

"धाकटी. मी तिच्याशी बोललेय."

"धाकटी? अगं, ती विचार करेपर्यंत तुझं पोर शाळेत जाईल!"

"जाऊ दे. खेळाच्या तासाला माझ्याकडेच येईल."

"आणि मी? सगळ्या गावाची बाळंतपणं मी करायची आणि माझ्या लेकीच्या वेळी बाकावर बसायचं?"

"बाकावर नाही. तू आत ये. माझ्याजवळ. पण आई म्हणून. डॉक्टर मी जन्मभर बघितलीय गं. त्या दिवशी मला आई पाहिजे." मग ती थोडं थांबून म्हणाली, "तुला गप्प बसता येईल का?"

"मला? मी गप्पच असते."

जावयानं पाण्याचा पेला तोंडाला लावला होता. त्यातलं थोडं नाकात गेलं.

लेकीनं खिशातून दोन कार्डं काढली. एक पिवळं, एक लाल. शाळेच्या सामन्यांतली. "आत गेल्यावर पहिली सूचना दिलीस की पिवळं. दुसरी दिलीस की लाल. लाल म्हणजे बाहेर. बाळ होईपर्यंत बाहेर. माझ्याशी आई म्हणून हवं ते बोल. धाकटीला काही सांगायचं नाही." मग कार्डं माझ्यासमोर ठेवली. "तू पंच. मी तेव्हा जरा कामात असेन."

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मी भाजीकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी धाकटीला गाठलं. "तुला पटतं का हे?"

धाकटीनं बराच विचार केला. "आपल्या माणसाचं बाळंतपण आपण करू नये. हात कापतो किंवा कापायला पाहिजे तेव्हा कापत नाही. तुम्हीच शिकवलंत बाई."

"मी शिकवलेलं एवढं कशाला लक्षात ठेवता तुम्ही!" बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

पण त्यांना आत राहायचं होतं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, जिन्यात, माझ्याकडे पाठ करून. "हिच्या शाळेचं संमेलन असायचं तेव्हा माझी केस असायची. तिचे सामने असायचे तेव्हाही. कधी चुकून गेलेच तर तिथेही लोक माझ्याभोवती, आणि मी त्यांच्या पोटांवर बोलत उभी. आता एवढं एक आहे. ते मला घालवायचं नाही." मग वळून म्हणाल्या, "हे कुठे लिहू नकोस." लेकीनं नंतर लिहायला परवानगी दिली, म्हणून लिहिते आहे.

मग बाईंनी गप्प बसण्याचा सराव सुरू केला.

पेशंटची परवानगी घेऊन त्या धाकटीच्या केसला कोपऱ्यात स्टुलावर बसायच्या. दोन्ही हात मांडीखाली. पहिल्याच दिवशी त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. फक्त खोकल्या. धाकटी थांबली. परत खोकल्या. धाकटीनं वाकून पाहिलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "जमलं की बाई!"

सिस्टर म्हणाली, "कसलं जमलं? एक खोकला म्हणजे थांब. दोन म्हणजे नाळ बघ. नाक ओढलं म्हणजे काय करतेस हे. मला सगळी भाषा येते."

हे लेकीला कळलं. तिनं खोकल्यालाही कार्ड लावलं. मग बाई भुवयांनी बोलायला लागल्या. धाकटी पेशंटवरची नजर न काढता म्हणाली, "बाई, भुवया."

"भुवयांवर माझा ताबा नाही!"

"मग मास्क वर घ्या."

तिसऱ्या खेपेला वेगळंच झालं. पेशंटनं कळ दिली की बाईही स्टुलावर बसल्या बसल्या कळ द्यायच्या. तोंड लालभडक, गालांचे फुगे. पेशंट एकदा त्यांच्याकडे बघून थांबली आणि म्हणाली, "आधी त्यांना बघा."

शेवटी जावयानं उपाय सुचवला. रोज संध्याकाळी तो स्वयंपाकघरात कांदा चिरायचा. तो कांदा मुळाकडून चिरतो, सालासकट, आणि सुरी पेन्सिलसारखी धरतो. बाईंनी शेजारी उभं राहून फक्त बघायचं. पहिल्या दिवशी बाई मध्येच न्हाणीघरात गेल्या, नळ सोडला आणि नळाला काहीतरी बोलल्या. हळूहळू त्या अख्खा कांदा सहन करू लागल्या. जावयाचं बोट कापलं तेव्हाही त्यांनी नुसती पट्टी पुढे केली. मला वाटलं, आता बाई तयार झाल्या.

कळा सकाळी सुरू झाल्या. लेक जिना उतरून स्वतःच्या पायांनी खाली आली, मैदानावर मुलं गोळा करायला निघाल्यासारखी. दुपारपर्यंत तिचा मैदानी आवाज पॅसेजभर घुमू लागला. लेबर रूममध्ये धाकटी, सिस्टर, उशाशी बाई, एका बाजूला जावई. मी दाराजवळ खुर्चीवर. अॅप्रनच्या खिशात दोन कार्डं. बाईंनी साधी सुती साडी नेसली होती. त्या खोलीत मी त्यांना साडीत कधी पाहिलं नव्हतं. त्यांना हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं.

पहिलं कार्ड जावयाला गेलं. तो बायकोचा हात धरून प्रेमानं म्हणाला, "घाबरू नकोस. लिफ्ट अडकली की लोकांना वाटतं दोर तुटला. दोर कधीच तुटत नाही. आणि तुटलाच तरी खाली ब्रेक असतो."

लेकीनं डोळे मिटून घेतले. कळ जाऊ दिली. मग म्हणाली, "पंच."

मी उठले.

"थेट लाल."

तो बाहेर गेला. जाताना त्यानं दाराची बिजागरी पाहिली. करकरत होती.

बाई मात्र गप्प होत्या. लेकीच्या कपाळावरचा घाम पुसत होत्या, पाणी पाजत होत्या. एकदाच घोळ झाला. धाकटी तपासून उभी राहिली आणि तिच्या सवयीप्रमाणे विचार करू लागली. बराच वेळ. बाईंच्या तोंडून निघून गेलं, "अगं..."

"पिवळं," लेक म्हणाली. तिचे डोळे मिटलेलेच होते.

मी पिवळं दाखवलं.

"अगं हे काय वाक्य झालं?" बाई मला म्हणाल्या. मग धाकटीकडे वळल्या, "नाळ-"

"लाल देऊ का त्यांना?" मी लेकीला विचारलं.

बाईंनी पदर तोंडात धरला.

मग डोकं दिसू लागलं. सिस्टर म्हणाली, "केस आहेत गं भरपूर!" लेक हसली आणि रडली. पुढच्या कळेला डोकं बाहेर आलं. मला वाटलं, झालंच आता. समोरच्या दुकानात ठोकणं चाललं होतं. मी खुश होऊन बाईंकडे पाहिलं. बाईंकडे पाहणं हेच माझं काम होतं.

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

डोकं बाहेर येऊन थांबलं होतं. थांबून जरासं मागे ओढलं गेलं. मला त्याचा अर्थ कळत नव्हता. त्या खोलीत तो ज्या तिघींना कळत होता, त्यांतली एक पदर तोंडात धरून उभी होती.

धाकटीचा आवाज बदलला नाही. "खांदा अडकलाय. सिस्टर, वेळ बघा, मोठ्यानं सांगत राहा. बाळाच्या डॉक्टरांना हाक मारा." मग लेकीला, "आता जोर लावू नकोस. मी सांगेन तेव्हा. पाय छातीकडे घेऊया. आजी, तुमच्या बाजूचा पाय धरा."

बाईंनी मागे वळून पाहिलं. आजी कोण आली, ते पाहायला.

मागे भिंत होती.

मग त्यांना कळलं. त्यांनी पाय धरला. सिस्टरनं दुसरा पाय धरून ओटीपोटावर हात रोवून दाबलं. धाकटी म्हणाली, "आता." काही झालं नाही. "परत." काही झालं नाही. सिस्टर वेळ सांगत होती. तो आकडा मी मुद्दाम विसरले आहे.

बाईंचा उजवा हात पायावरून सुटला. आपोआप. तो हवेत पुढे गेला, धाकटीच्या हातांच्या दिशेनं. त्या हातानं अशा वेळी आयुष्यभर जे केलं, ते तो करायला निघाला होता.

"हात पायावरच ठेवा, आजी," धाकटी वर न पाहता म्हणाली.

हात पायावर परत आला.

आणि धाकटी, जी साधा प्रश्न विचारला तरी विचार करते, तिनं या वेळी विचार केला नाही. तो तिनं आधीच करून ठेवला होता, चटईवर. म्हणाली, "हिला वळवायचं. हातांवर आणि गुडघ्यांवर. सगळ्यांनी मिळून."

बाईंचं तोंड उघडलं.

मी खिशातलं लाल कार्ड धरलं. आता बाई बोलल्या तर मी काय करायचं? कार्ड दाखवून त्यांना बाहेर काढायचं? आणि त्यांचंच बरोबर असलं तर? मी भरपूर पुस्तकं वाचली आहेत. एकातही याचं उत्तर नव्हतं.

लेकीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मैदानी आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "आई? काय झालंय?"

बाईंनी तोंड मिटलं. परत उघडलं.

"खांदा अडकलाय," त्या म्हणाल्या. "धाकटीला माहितीये काय करायचं ते. वळ. मी धरते."

'वळ' ही सूचना होती. नियमात बसत नव्हती. मी कार्ड काढलं नाही.

सगळ्यांनी मिळून तिला वळवलं. बाई पलंगाच्या डोक्याशी जमिनीवर गुडघे टेकून बसल्या. लेकीनं दोन्ही हात त्यांच्या गळ्यात टाकले. कपाळाला कपाळ. बाईंचे गुडघे दुखतात, जिना चढताना त्या प्रत्येक पायरीला शिवी देतात. तेव्हा त्यांना ते आठवलं नसावं. मागे धाकटीनं हात आत घातला. "हां," ती स्वतःशीच म्हणाली. "हां. आलास का? ये."

आणि बाळ सुटलं. एकदम, सगळं.

पण रडलं नाही. सिस्टरनं ते उचलून बाजूच्या टेबलावर घेतलं, पुसलं, चोळलं. धाकटी तिकडे धावली. खोलीत टॉवेलचा आवाज तेवढा येत होता. लेक विचारत होती, "आई? आई?" बाई म्हणत होत्या, "इथेच आहे. इथेच आहे मी." तिकडे टेबलावर काय चाललंय, ते जगातल्या कुणाहीपेक्षा बाईंना जास्त कळलं असतं. त्यांनी मान वळवली नाही. त्या लेकीच्या तोंडाकडे पाहत होत्या.

मग ते रडलं. आधी एक किरकोळ तक्रार केल्यासारखं, मग सगळ्या दवाखान्याला दम दिल्यासारखं.

"दोन्ही हात हलताहेत," धाकटी म्हणाली. आता तिचा आवाज कापत होता.

बाळाचे डॉक्टर धापा टाकत आले तेव्हा त्यांना करायला फारसं काही उरलं नव्हतं. त्यांनी तपासलं आणि मान डोलावली. धाकटी म्हणाली, "आजी, जरा बाहेर बसा. वार पडायची आहे, टाके बघायचेत. हिलाही न्या." ही म्हणजे मी. मी खुर्चीला धरून उभी होते.

बाई निमूटपणे उठल्या. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर आल्या.

पॅसेजमध्ये बाकावर जावई होता. त्यानं दाराच्या बिजागरीला तेल घातलं होतं. तेलाची बाटली अजून हातात होती. तो उठून उभा राहिला. रडणं त्यानं ऐकलं होतं.

"झालं?"

"झालं," बाई म्हणाल्या आणि बाकावर बसल्या.

"ती बरी आहे?"

"बरी आहे. बाळही बरं आहे."

त्यानं श्वास सोडला. डोळे पुसले, तेलाच्या हातानं. मग म्हणाला, "काय झालं? मुलगा की मुलगी?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मीही पाहिलं नव्हतं. मला आधार पाहिजे होता, मी खुर्ची पाहत होते.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे बघितलं नाही मी."

"तुम्ही बघितलं नाहीत?"

"नाही."

"वजन?"

"नाही."

"वेळ?"

"अरे मी आज कामावर नव्हते!" बाई ओरडल्या. पॅसेजमध्ये बोलायचं नाही हा नियम त्यांचाच. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि त्या हाताआड हसू लागल्या. मग ते हसणं राहिलं नाही. जावयानं तेलाची बाटली खाली ठेवली आणि तो त्यांच्या शेजारी बसला. "लिफ्ट अडकली होती," बाई त्याला सांगत होत्या, "पार अडकली होती रे." तो म्हणाला, "सुटते. आतल्या माणसाशी बोलत राहायचं." बाईंनी मान डोलावली, जणू हे त्यांना आजच कळत होतं.

बऱ्याच वेळानं धाकटी बाहेर आली. टोपी हातात, केस कपाळाला चिकटलेले. ती येऊन बाईंसमोर उभी राहिली, शिकायला आली असेल तेव्हा राहायची तशी. आता ती आजी म्हणाली नाही.

"बाई, माझं काही चुकलं का?"

मला वाटलं, आता बाई बाई होणार. दोन-चार गोष्टी काढणार. सिस्टरचा हात जरा वर होता, पाय अजून दुमडायला हवे होते, असं काहीतरी. त्यांनी खरंच आठवून पाहिलं. ते तोंडावर दिसत होतं.

"मला कसं कळणार?" त्या म्हणाल्या. "मला ते येत नाही. तुझा हात कुठून गेला तेही मला दिसलं नाही. शिकवशील का मला?"

धाकटीनं विचार केला.

"अगं, यात काय विचार करायचाय!"

"चटईवर बसावं लागेल, बाई. तुमचे गुडघे."

"गुडघ्यांचं मी बघते."

"उद्या?"

"उद्या." मग बाई एकदम पुढे झुकल्या आणि अगदी हळू आवाजात, बाकावरच्या सगळ्या आज्या विचारतात तसं विचारलं, "काय झालं गं? मुलगा की मुलगी?"

धाकटी त्यांच्याकडे बघतच राहिली. "मुलगी."

"मुलगी," बाईंनी जावयाला सांगितलं. त्याला ऐकू आलं नव्हतं असं समजून.

"मुलगी," जावयानं मला सांगितलं.

"भेटायला एकेकानंच जा," धाकटी म्हणाली. "ती दमलीय."

बाई अर्ध्या उठल्या होत्या. जावयाकडे पाहून परत बसल्या. त्यांच्या स्वतःच्या दवाखान्यात, स्वतःच्या बाकावर. "जा तू," त्या म्हणाल्या. "आधी बाप."

तो सदरा सारखा करून आत गेला. दार करकरलं नाही. बाई हात मांडीवर ठेवून बसल्या. काही बोलल्या नाहीत, खोकल्या नाहीत, भुवयाही जागेवर होत्या. थोड्या वेळानं आतून मैदानावरचा तो आवाज आला, थोडा बसलेला, पण तोच.

"बघितलंस ना? छान आहे ना? मग जा आता, आईला पाठव. आणि तिला सांग, तिला आज काहीही बोलायला परवानगी आहे!"

जावई बाहेर आला. त्याच्या तोंडावरचं हसू जागा मिळेल तिथे पसरलं होतं. "मला परत लाल," तो म्हणाला. "तुम्हाला बोलावलंय."

बाई उठल्या. साडी झटकली. दारापर्यंत गेल्या आणि आत शिरण्याआधी दारावर टकटक केली.